गाडीत राहिलेली मिलिंदची रेकॉर्ड

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या शेजारीण नीताताई उद्या कायमच्या पुण्याला चालल्या. त्यांचा नवरा मिलिंद गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेला. घर त्याच्या कंपनीचं, त्यामुळे इथलं सगळं खलास.

मिलिंदला लॅटिन डान्स म्युझिकचं वेड. एका बँडलीडरच्या अगदी सुरुवातीच्या अल्बमची जुनी रेकॉर्ड म्हणजे त्याचा जीव की प्राण. दर शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून ट्रम्पेट ऐकू आलं की समजायचं, दोघं हॉलमध्ये नाचतायत.

ताईंचा रेकॉर्ड प्लेअर सामानाबरोबर आधीच कार्गोने पुण्याला गेलाय, माझ्याकडे एक आहे. "जायच्या आधी एकदा तुझ्याकडे लावू या," म्हणाल्या. रेकॉर्ड सामानात दबू नये म्हणून त्यांनी सकाळीच गाडीत नेऊन ठेवली होती. गाडी उघड्या पार्किंगमध्ये. ऑगस्टमध्ये!

वर आणली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. तरी लावली. सुई दोनदा उडाली, ट्रम्पेट रडल्यासारखं वाजलं आणि बंद.

माझी लेक म्हणाली, "आंटी, इट्स ऑनलाइन, आय कॅन प्ले इट."

"नको गं," ताई म्हणाल्या. "कुणाकडच्या पार्टीहून आलो की गाडीत तापू नये म्हणून तो आधी ही रेकॉर्ड वर न्यायचा, मग मला सामान उचलू लागायला खाली यायचा. किती भांडलेय मी त्यावरून! आज असता तर केवढा ओरडला असता माझ्यावर."

मग त्यांनी ती वाकडी रेकॉर्ड पुसून परत कव्हरमध्ये घातली. कुणीच ओरडलं नाही.

तुमच्यावर आज घरात कोण ओरडलं?