किती बोटं? दोनच!

एमिल हॅवरिला अमेरिकन फुटबॉल, तो अंगावर धडकायचा, बघत असला की मॅचकडे बघायची गरजच उरत नाही. रविवारी दुपारी गावातल्या स्लोव्हाक लोकांच्या क्लबात टीव्हीसमोरची पहिली खुर्ची त्याची. पंचाने फाऊलचा पिवळा रुमाल टाकला रे टाकला की हा उठून उभा! "ह्याला फाऊल म्हणतात? अरे, आमच्या वेळी ह्याला नमस्कार म्हणायचे!" मग पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि तो संपला की नियम करणाऱ्यांचा. डोक्याने डोक्यावर धडकायचं नाही. चेंडू फेकून झाला की फेकणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही. कंबरेला लटकून पाडायचं नाही. "आता परवानगी मागायचीच तेवढी राहिलीय," एमिल म्हणतो. "भाऊ, जरा पडतोस का, म्हणून!" त्याची बायको लोरेन शेजारी कोबी आणि शेवयांची हलुस्की खात बसलेली असते. ती मान वर न करताच म्हणते, "एमिल, खाली बस. मागच्यांना दिसत नाहीये." आणि एवढा दांडगा गडी गपचूप बसतो.

अमेरिकेतल्या मॉन नदीकाठच्या ह्या गावात मी सव्वीस वर्षं शाळेच्या बसडेपोत आहे. माझी केबिन वर, माडीवर. भिंतीवर नकाशा, हातात वायरलेस, रस्त्यावर एकवीस गाड्या. नाव कुंदा, पण सगळे मला बॉस म्हणतात, कारण कुंदा म्हणायला गेले की प्रत्येकाच्या तोंडून काहीतरी भलतंच निघतं. एमिल आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, बस नंबर चौदा. तोंडाचा पट्टाही सगळ्यात लांब त्याचाच.

पण मान होता हो त्याला. तरुणपणी चार हंगाम तो शहरातल्या मोठ्या टीमकडून खेळला. क्लबात फोटो लावलाय: एमिल हवेत आडवा, आणि समोरच्या टीमचा कर्टिस बोलिन त्याच्या खांद्याखाली घडी घातल्यासारखा दुमडलेला. चेंडू कुठे गेलाय देव जाणे. ह्या एका धडकेवर एमिल चाळीस वर्षं लोकांची बिअर पीत आलाय. गंमत अशी, की ती धडक त्याला आठवतच नाही. त्या दिवशीची अर्धी मॅचच आठवत नाही. फोटो बघून बघून त्याने ती पाठ केलीय. हे मला लोरेनने सांगितलं, आणि वर म्हणाली, "त्याला बोलू नकोस हं. त्याला वाटतं, मला ठाऊक नाही."

"मग डॉक्टरने तुला पुढे खेळू कसं दिलं?" मी एकदा त्याला विचारलं.

"डॉक्टर कसला! आमचा पिंटर होता ना."

पिंटर म्हणजे खेळाडूंची दुखणीखुपणी बघणारा माणूस. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पोलादाच्या कारखान्यात गेलेली, आणि डाव्या हातात कायम पाण्याची बाटली. कुणी आडवा झाला की पिंटर धावत जायचा, शुद्धीवर आणायला नाकाशी अमोनियाची कुपी फोडायचा, उजवा हात वर करायचा आणि विचारायचा, "किती बोटं?" आता त्या हाताला बोटं होतीच दोन! सगळ्या टीमला उत्तर पाठ. "एकदा तर मला चार पिंटर दिसत होते," एमिल सांगत होता, "तरी म्हटलं, दोन! तो म्हणाला, शाबास, जा पळ." आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ही सवय इतकी मुरलेली, की गेल्या ऑगस्टात ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी नजर बघायला नुसतं बोट वर केलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "दोन!" एकच बोट होतं. बाईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्या हसल्या, सही झाली. मी तो किस्सा आठवडाभर डेपोत मिटक्या मारत सांगितला.

सगळ्या नव्या नियमांत एमिलचा सर्वांत जास्त राग कुणावर असेल, तर माडीवरच्या माणसावर. हल्ली स्टेडियममध्ये वर एकजण पडद्यासमोर बसलेला असतो. खाली एखादा खेळाडू धडकेनंतर झोकांड्या खाताना दिसला, की तो फोन उचलतो आणि त्याला बाहेर काढतो. खेळाडू 'मी ठणठणीत आहे' म्हणून कितीही ओरडला, तरी ऐकायचं नाही. "उंटावरून शेळ्या हाकतोय लेकाचा!" एमिल फुत्कारायचा. "माझं डोकं माझं आहे. त्याला काय कळतंय वर बसून?"

ऑक्टोबरातल्या एका सकाळी वायरलेसवर त्याचा आवाज आला. "बॉस, रिज रोड कुणी चोरला काय गं?"

"तुझ्या नाकासमोर आहे. पेट्रोलपंपाशी उजवीकडे वळ. चष्मा लाव, म्हाताऱ्या!"

सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांत हसले. तीन दिवसांनी त्याने पुन्हा तोच रस्ता विचारला. अकरा वर्षं तो रोज त्याच रस्त्याने जात होता.

मी हसले नाही. पण वरच्या साहेबांनाही कळवलं नाही. मी काय केलं, तर रोज सकाळी थट्टा करायच्या निमित्ताने त्याला रस्ता सांगत गेले. "एमिल, आता चर्च येईल. हात जोड, पाप धू आणि डावीकडे वळ." "एमिल, पुढे तुझी आवडती बेकरी. बघू नकोस, सरळ जा." लोकांना वाटायचं, बॉस आज रंगात आहे. एमिलही उलट टोमणे मारायचा. आमची जुगलबंदी छान चालली होती. मला वाटायचं, आपण एका माणसाची झाकली मूठ जपतोय. बस सोडून त्याच्याकडे होतं तरी काय? कुठल्या पोराची आज गणिताची परीक्षा, कुणाचा दात पडलाय, कुणाच्या घरी कुत्री व्यायलीय, सगळं त्याला ठाऊक. सीटवरून उठवलं असतं, तर तो दिवसभर घरात बसून लोरेनचा जीव खाणार आणि स्वतःचाही. मी स्वतःला असंच समजावत होते.

नोव्हेंबरातला मंगळवार. रेल्वेच्या फाटकाशी त्याने नियमाप्रमाणे गाडी थांबवली, दार उघडून कानोसा घेतला. मालगाडी गेली, फाटक वर झालं. कुठली गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या माझ्या पडद्यावर चौदा नंबरचा ठिपका हलेना. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं.

"एमिल, झोपलास काय?"

"बॉस." आवाज बारीक झाला होता. "मी कुठे चाललोय?"

ह्या वेळी त्यात गंमत नव्हती. मागून पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. सव्वीस पोरं होती आत.

"ब्रेक लाव. इंजिन बंद कर, किल्ली काढ. मी दुसरा ड्रायव्हर पाठवते."

"नको, नको! मी ठीक आहे. आलं लक्षात. शाळेत जायचंय. निघतो मी."

"निघायचं नाही. किल्ली काढ."

"बॉस, मी ठणठणीत आहे गं!"

"एमिल, तू बाहेर. आजपासून."

आणि मग त्याने सगळ्या एकवीस गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला शिव्या घातल्या. "तूही तसलीच निघालीस, माडीवरची!" असं ओरडला. पण किल्ली काढल्याचा खट्ट आवाज मी ऐकला. मी लगेच दुसऱ्या ड्रायव्हरला फाटकाकडे पिटाळलं.

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. क्लबात गेले, की खुर्ची फिरवून बसायचा. पंचाने रुमाल टाकला तरी गप्प. लोरेन म्हणाली, मोठ्या इस्पितळात नेलं होतं, डोक्याचे फोटो काढले, डॉक्टर म्हणाले, जुन्या धडकांनी मेंदू झिजलाय, आठवण अशीच जात राहणार. "तू बरं केलंस," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगते, जरा अभिमानच वाटत होता.

मग एका सोमवारी सकाळी माझ्या जिन्यावर धापा ऐकू आल्या. एमिल! इतक्या वर्षांत हा कधी वर आला नव्हता, गुडघ्यांची सबब सांगायचा. आला, माझ्यासमोर बसला आणि दम खाल्ला.

"काय, माझ्या जागेवर डोळा आहे वाटतं?" मी म्हटलं.

तो हसला नाही.

"बॉस, तुला कधी कळलं?"

"काय?"

"नाटक करू नकोस. माझं. कधी कळलं?"

मी हातातला वायरलेस खाली ठेवला. मग खरं ते सांगितलं. "ऑक्टोबरात. रिज रोड विचारलास ना, त्या आठवड्यात."

त्याने मान हलवली. मग उठून भिंतीवरच्या नकाशात स्वतःच्या रस्त्यावरून बोट फिरवलं.

"आणि मला काढलंस नोव्हेंबरात."

"हो."

"मग तो महिनाभर," एमिल हळूच म्हणाला, "गाडीत पोरं होती ना गं?"

मला लाज वाटली. "होती," मी म्हटलं. वायरलेसवर नऊ नंबर विचारत होता, निघू का म्हणून. मी नऊ नंबरला थांब म्हणाले.