सहा सामन्यांची बॅट

तारामती सोनकांबळे म्हणजे उदगीरच्या मुलींच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. अंगानं किरकोळ, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पहिल्यांदा पोरींच्या हातात सॉफ्टबॉलची बॅट दिली, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, बाई पोरींना मुसळ फिरवायला शिकवून राहिल्यात. एका पोरीचा बाप तर शाळेतच आला. म्हणाला, "बाई, ह्या खेळाचे परीक्षेत मार्कं पडतात का?"

"न्हाई पडत," बाई म्हणाल्या. "पण पोरीला पळता येतं. पळू द्या की जरा, तुमचं काय जातंय?"

बाप गप गुमान घरी गेला. बाईंपुढं बोलायची कुणाची टाप होती!

आता कधीची गोष्ट म्हणाल, तर लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. उदगीरला टँकर चौथ्या दिवशी यायचा. जिल्हा लातूरला गेला, आपल्याला काय मिळालं, म्हणून बापई माणसं हॉटेलात बसून चहावर चहा ढोसत कुरकुरायची. तारामतीबाईंना ही कुरकुर ऐकली की राग यायचा. कारण नव्या जिल्ह्यानं त्यांना खरोखरच काहीतरी दिलं होतं. तोवर त्यांच्या पोरी जुन्या जिल्ह्याच्या निवडीला जायच्या, दिवसभर उन्हात बाकावर बसायच्या आणि 'पुढच्या वर्षी बघू' ऐकून परतायच्या. आता लातूरचा स्वतःचा संघ निघणार होता, आणि त्यातल्या अकरापैकी नऊ पोरी बाईंच्या होत्या.

नांदेडहून पत्र आलं. विभागाची साखळी स्पर्धा, सात जिल्ह्यांचे संघ, प्रत्येकाशी एक गाठ, म्हणजे सहा दिवसांत सहा सामने. बॅट ज्याची त्यानं आणायची, दुसऱ्याची मागून खेळायची नाही. आणि खाली बारीक टायपात एक ओळ होती, ती बाईंनी तीनदा वाचली. नव्या जिल्ह्याचा संघ यंदा चाचणीपुरता घेतलाय, सगळे सामने पुरे केले नाहीत तर पुढच्या वर्षापासून तो परत जुन्या जिल्ह्यात धरला जाईल.

म्हणजे हरलं तरी चालेल, पण सहाही सामने खेळलेच पाहिजेत. आणि शाळेत बॅट होती एकच, तिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती एक डावसुद्धा टिकली नसती. शाळेनं नवी मंजूर केली तीही एकच. मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी बजावलं, "बाई, ती चमकणारी घ्या, अल्युमिनमची. लाकडाचा काय भरवसा?"

बाई नांदेडला निघाल्या तशी त्यांची माय नागुबाई म्हणाली, "मी बी येते."

"माय, बॅट आणायला चाललेय मी, बाजार करायला न्हाई."

"दांडकंच हाय न्हवं? मग दांडक्यातलं तुला जास्त कळतंय का मला?"

मायचं खरंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच मायनं तलावाच्या कामावर खडी फोडून लेकीला शिकवलं होतं. घणाचा दांडा मोडला की दिवसाची हजेरी बुडायची, म्हणून तिला दांडा डोळे झाकून निवडता यायचा. तेव्हा दोघी एस.टी.नं नांदेडला गेल्या.

दुकानदार पंचाक्षरी मोठा बोलका माणूस. त्यानं आधी ती चमकणारी बॅट काढली. "मॅडम, एक नंबर माल. मोडायचं नावच न्हाई."

नागुबाईनं तिच्यावर बोटाचं पेर मारून बघितलं, मग अंगठा दाबत खालून वर नेला. मधे एका जागी अंगठा थांबला. "मालक, हे दुकानातच चेपलंय की. माझ्या घरचा डबा बी ह्याच्यापरीस जाड हाय."

पंचाक्षरी हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मावशी, पातळच असती ती. चेपली तरी खेळता येतं."

"एकदा चेपलं का रोज चेपतंय. लाकडाच्या दावा."

त्यानं सात बॅटी काउंटरवर मांडल्या. नागुबाई एकेक उचलून दाराशी उजेडात नेई. लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ जातात का बघे, मग दोन बोटांत मूठ अधांतरी धरून पेर मारी आणि कान लावी. "ह्याची रेघ मुठीपाशीच भाईर पडली. हितंच मोडणार." "हे बद्द वाजतंय, आतून चिरलंय." सहा बॅटी तिनं अशा बाजूला सारल्या. सातवी खणखणीत वाजली. पंचाक्षरी म्हणाला, "मावशी, माझ्या दुकानात बसता का हो?"

तारामतीबाईंनी सातवी घेतली. सरांनी सांगितलेली सोडून लाकडाची घेतली, म्हणजे काही झालं तर सगळं आपल्या डोक्यावर, हे त्यांना कळत होतं. पण मायच्या बोटांवर त्यांचा भरवसा होता. परत येताना गाडीत त्या बॅट लेकरासारखी मांडीवर घेऊन बसल्या.

आणि मग झाला घोटाळा. हसू नका, तुमच्या घरात घण-कुदळ असती तर तुम्हीही हेच केलं असतं!

स्पर्धेच्या आधी पोरींच्या कागदांवर सह्या-शिक्के घ्यायला बाई दोन दिवस लातूरला गेल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्या, तर बॅट कुठं दिसेना. मोरीत बघतात तो काय, पाण्यानं भरलेल्या घागरीत बॅट मूठ खाली करून उभी!

"माय! अगं काय केलंस हे!"

"काय केलं? नवा दांडा पाण्यात घातल्याबिगर कुणी कामाला घेतंय का? दोन दिस भिजला का फुगतो, लोखंडात गच्च बसतो."

"ह्याला लोखंड कुठंय? कशात बसवायचंय हे?"

नागुबाईनं घागरीतल्या बॅटीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "न्हाई की गं."

बाईंनी बॅट उपसली. मूठ फुगली होती, रेषा हाताला खरखरीत लागत होत्या, वजन केवढं तरी वाढलेलं. उद्या सकाळी सातची गाडी. दुसरी बॅट नाही. सहा सामने कशाचे, एकसुद्धा पुरा होणार नाही. त्या मायवर एवढ्या ओरडल्या, की शेजारची कोंडाबाई भिंतीवरून डोकावली. ओरडता ओरडता त्यांचं लक्ष दुसऱ्या घागरीकडं गेलं. ती पालथी होती. टँकर परवा येऊन गेलेला, उद्याशिवाय येणार नव्हता.

"मग तू दोन दिवस काय प्यालीस?"

"प्याले तांब्याभर. कोंडाबाईकडून आणलं."

तारामतीबाईंनी बॅट भिंतीला टेकवली आणि त्या खाली बसल्या. ज्या पाण्यासाठी गल्लीत रोज भांडणं होत होती, ते म्हातारीनं आपल्या तोंडचं काढून लेकीच्या बॅटीला घातलं होतं. आपण कुणावर ओरडलो, ह्याची त्यांना एवढी लाज वाटली की रडू फुटलं.

"रडत कामून बसलीस?" नागुबाई म्हणाली. चूक कळल्यावर तिचं डोकं उलट जोरात चालायला लागलं होतं. "चूक माझी हाय, तर इलाज बी ऐक माझाच. हिला उन्हाची तिरीप लागू देऊ नगंस, तडकंल. सुतार वलं लाकूड भुश्यात पुरून ठिवतो. तसं हळूहळू वाळाया पायजे."

"आता भुसा कुठून आणू?"

नागुबाईनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं ज्वारीचं पोतं होतं. नांदेडला सहा दिवस जेवणाची सोय आपली आपण करायची, म्हणून अकरा पोरींच्या घरून मापटं मापटं शिधा गोळा केलेला. मायनं बॅट पुसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पोत्याच्या पोटात खोल पुरली. "दाणा पाणी ओढतोय. खेळायपुरती भाईर काढायची, खेळून झालं का परत आत."

झालं! नांदेडच्या मैदानावर लातूरचा संघ खेळायला आला तो बॅट पोत्यातून उपसतच. बाकीच्या संघांना फुकटचा तमाशा. एक पोरगी ओरडली, "ए, तुमच्याकडं बॅटी ज्वारीत उगवतात काय?" लातूरची कप्तान भामा, उदगीरचीच, तिनं फिरून उत्तर दिलं, "हाव! बी देऊ का तुला?"

पहिल्या दिवशी बॅट ओली आणि जड, पोरींच्या हातून फिरेना. सपाटून हरल्या. दुसऱ्या दिवशी सामना थोडक्यात गेला. तिसऱ्या दिवशी बॅट हलकी झाली आणि पोरी जिंकल्या, चौथ्यालाही जिंकल्या. बाई मात्र सीमेवर उभ्या राहून प्रत्येक फटक्याला आधी बॅटीकडं बघत, मग चेंडूकडं. पाचवा सामना हरला, आणि त्या संध्याकाळी बॅट पोत्यात घालताना त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. मुठीच्या वर चार बोटांवर चीर, केसाएवढी.

सकाळी पंचांनी बॅट बघितली. "एवढी चालेल," ते म्हणाले. "पण मोडली आणि दुसरी नसली, तर सामना तिथंच थांबेल बाई. अपुरा धरावा लागेल."

शेवटचा सामना जुन्या जिल्ह्याशी. ज्या संघाच्या बाकावर ह्याच पोरी वर्षानुवर्षं बसून परत आल्या होत्या, तोच. बाईंनी पोरींना ताकीद दिली, "कुणी बॅट फिरवायची न्हाई. चेंडूला नुसती टेकवायची आणि पळायचं. पळायला तर येतंय ना तुम्हाला?"

पोरी अशा पळाल्या म्हणता! शेवटच्या डावात दोन्हीकडं सारखे रन, लातूरची एक पोरगी तिसऱ्या बेसवर, दोन बाद, आणि बॅट भामाच्या हातात. एक रन आला की सामना पुरा. पण समोरचा संघ काही खुळा नव्हता. ह्या नुसतं टेकवतात हे ओळखून सगळ्या पोरी पुढं सरकून भामाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आता टेकवला चेंडू, की गेलीच भामा. मग जादा डाव, मग आणखी जादा डाव, आणि चीर तर आता दुरूनही दिसत होती.

भामानं बाईंकडं बघितलं.

फटका मारून बॅट मोडली आणि रन आला नाही, तर लातूरचा संघ गेला, पोरी परत त्या बाकावर. न मारावं, तर हळूहळू तेच होणार. आपल्या मायनं ही बॅट पाण्यात बुडवली हे खरं, पण सातांतून निवडलीही तिनंच. खणखणीत वाजली होती ती. बाईंनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळं मैदान दणाणून सोडलं.

"मार गं भामे!"

कडाड्! चेंडू पुढं सरकलेल्या सगळ्या पोरींच्या डोक्यावरून गेला, बॅटीचा वरचा अर्धा गरगरत दुसरीकडं गेला, आणि भामा हातात नुसती मूठ घेऊन पहिल्या बेसकडं सुसाट सुटली. तिसऱ्या बेसवरची पोरगी होमला पोचली, रन आला. पंचांनी हात वर केला. सामना पुरा!

पोरींनी बाईंना घेरलं, कुणी रडतंय, कुणी नाचतंय. बाईंनी आधी पंचांच्या टेबलाकडं जाऊन कागदावर सहाव्या रकान्यात 'पूर्ण' लिहिलेलं डोळ्यांनी बघितलं, मगच त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी उदगीरला उतरल्या तेव्हा नागुबाई दारातच बसलेली. सहा दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं. लेकीच्या हातात बॅटीचे दोन तुकडे दिसले तशी ती भिंतीला धरून उठली.

"मोडली?"

"मोडली, माय."

"माझ्यापायी." म्हातारीनं तुटक्या टोकावर अंगठा फिरवला. "कितव्या सामन्याला?"

"सहाव्या. शेवटच्या चेंडूला."

नागुबाईनं एका हाताची पाच बोटं मोजली, दुसऱ्या हाताचं एक मोजलं आणि लेकीकडं बघितलं. "म्हंजी पुरली की गं!"

"पुरली, माय," तारामती म्हणाली.