टू-सीटरची ट्रायल

"बसणार कोण, ते आधी ठरवा," सरदारसाहेब म्हणाले. त्यांचा सुजलेला पाय स्टुलावर होता.

समोर त्यांच्या वाड्याच्या चौकात हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी होती. टू-सीटर. म्हणजे चालवणारा आणि शेजारी एक जण. मागे सीटच नाही. आणि तिच्यात बसणं भाग होतं अशी माणसं तीन होती.

मुलांनो, मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मोटार गॅरेजमध्ये इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होते. मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होत होता. राजधानी भोपाळला चालली होती. कुठलं खातं जाणार, कुठलं राहणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी दोरीने बांधलेल्या फायली संध्याकाळी परत सोडत. आमचं गॅरेज सरकारी गाड्यांच्या सर्व्हिसिंगवर चालायचं, आणि त्या गाड्या येणं बंद झालं होतं.

मालक सक्सेनासाहेबांनी जुन्या संस्थानी सरदारांच्या मोटारी नीट करून विकायचा धंदा काढला. सरदारसाहेबांची ही पहिलीच. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "सुमनजी, ये बिक गई तो बाकी सरदार भी आएँगे. नहीं बिकी, तो मैं अंग्रेजी चिट्ठी लिखवाऊँगा किसको?"

म्हणजे गाडी राहिली तर माझी नोकरी जाणार होती.

गाडी आम्ही रिस्टोअर केली होती. रिस्टोअर म्हणजे नुसता रंग नव्हे. सगळी खोलायची, सडलेलं लाकूड बदलायचं, इंजिन उतरवून दुरुस्त करायचं आणि मूळची होती तशी पुन्हा जोडायची. मी दिल्लीच्या इंग्रजी पेपरात जाहिरात दिली. कानपूरहून मल्होत्रा नावाच्या गृहस्थांची उत्तरं येऊ लागली, आणि शेवटी ते पत्नीला घेऊन स्वतःच आले.

"चलाकर देखे बगैर नहीं लेंगे," ते म्हणाले.

यालाच ट्रायल म्हणतात. रास्त मागणी. पण आमच्या गॅरेजचा नियम होता की ट्रायलला आमचा माणूस शेजारी बसणार. सक्सेनासाहेब टोपी घालून तयारच होते.

तेवढ्यात सरदारसाहेबांनी आपला नियम काढला. त्यांच्या घराण्याची गाडी घरचं माणूस आत असल्याशिवाय फाटकाबाहेर जात नसे. पूर्वी बग्गीलाही हाच नियम होता. परका माणूस एकटा गाडी घेऊन गेला की लश्करात तासाभरात बातमी व्हायची: घर बुडालं, जप्ती आली.

"अहो, पण गाडी विकायलाच काढली आहे ना?" मी विचारलं.

"विकल्यावर त्यांची. तोवर आमची."

सक्सेनासाहेब म्हणाले, मी मागे गुंडाळलेल्या हूडवर बसतो. हूड म्हणजे कापडी छप्पर. त्यांचं वजन पाहून मल्होत्रांनी डोळे मिटले. मग सक्सेनासाहेब म्हणाले, मीच चौकात चालवून दाखवतो. पहिला गियर पडेपर्यंत समोर तुळशीवृंदावन आलं. सरदारसाहेब स्वतः बसतो म्हणाले, पण पाय टेकताच कण्हत खाली बसले. मुलगा पुण्याला शिकायला. घरचं दुसरं माणूस कुठून आणायचं?

"सुमन," चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआडून आवाज आला. सरदारसाहेबांच्या पत्नी, बाईसाहेब. त्या परपुरुषासमोर येत नसत. बोलायचं ते माझ्यामार्फत. "त्यांना सांग, मी घरचीच आहे."

मी सांगितलं.

"तुम्ही? परक्या पुरुषाशेजारी?" सरदारसाहेब पडद्याकडे वळून म्हणाले. "उघड्या गाडीत?"

आता मल्होत्रा गोंधळले. "पर चलाना तो इनको है," ते पत्नीकडे बोट दाखवून म्हणाले. "गाडी इन्हीं के लिए ले रहे हैं. मुझे तो चलानी आती ही नहीं!"

इतका वेळ मिसेस मल्होत्रा खांबाला टेकून गंमत बघत होत्या. मी सगळी पत्रं 'डिअर सर' म्हणून लिहिली होती.

मग कोणाला हरकत घ्यायला जागा उरली नाही. आमच्या गॅरेजचा नियम सक्सेनासाहेबांनी टोपीसकट काढून ठेवला. पुरुषांनी भिंतीकडे तोंडं केली. बाईसाहेब डोक्यावर पदर घट्ट ओढून आल्या, सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, ही केवढी खाली आहे! जमिनीवर बसल्यासारखंच."

गाडी फाटकातून गेली. फूलबागेपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. चहा आला, निवला, पुन्हा आला. सरदारसाहेब फाटकाकडे बघत राहिले. सक्सेनासाहेब माझ्या कानात पुटपुटले, "ब्रेक तो ठीक हैं ना?" मला काय ठाऊक? मी पत्रं लिहिणारी.

अखेर हॉर्न वाजला. पुरुष पुन्हा भिंतीकडे वळले. बाईसाहेबांचा पदर खांद्यावर आला होता, आणि तो त्यांनी सारखाही केला नाही. त्या माझ्यापाशी थांबल्या.

"आम्ही पाटणकर बाजारातून आलो," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून बग्गीच्या पडद्याआडूनच पाहत होते तो. इतका रुंद आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." मग जरा मोठ्याने, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "सुमन, सांग त्यांना. गाडी विकायची नाही."

मी मिसेस मल्होत्रांकडे पाहिलं. त्या हसून हातमोजे काढत होत्या. "I wouldn't sell it either," त्या म्हणाल्या.

सरदारसाहेब सक्सेनासाहेबांना म्हणाले, "ऐकलंत ना? मग आता चालवायला शिकवणार कोण, ते ठरवा."

सक्सेनासाहेबांनी टोपी उचलली. जुन्या गाड्यांचा धंदा तिथेच संपला आणि महिनाअखेर माझी नोकरीही. पुढे नव्या राज्याच्या एका खात्यात मी टायपिस्ट झाले. ते खातं भोपाळला जाता जाता ग्वाल्हेरलाच राहिलं होतं.

तुमच्यापैकी कोणी पुढेमागे जुन्या गाड्या विकायला बसलंच, तर एवढं लक्षात ठेवा. ट्रायल गिऱ्हाइकाला द्यावी. मालकिणीला देऊ नये.