आंब्यावरचा डबा

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले, पण होडीत बसून लिहिला तो एकच. त्याची आठवण आली की आजही हातातला चहा तसाच राहतो.

तेव्हा मी बदलापूरच्या पोलीस ठाण्यात होतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या धरणाची उंची वाढली आणि काठच्या एका पाड्याची शेतं पाण्याखाली गेली. डांबरी रस्ता पलीकडच्या काठाला, म्हणून पाड्यातले लोक होडीने ये-जा करत. श्रावणातल्या एका सकाळी ती होडी उलटली आणि एक म्हातारी बुडाली. तिच्याबरोबर होडीत असलेली शेजारीण वाचली, तिला दवाखान्यात ठेवलं होतं. होडी चालवणारा म्हातारीचाच धाकटा मुलगा होता.

फिर्याद द्यायला आला थोरला. तो बदलापुरातच, कात्रपला फ्लॅटमध्ये राहायचा. "साहेब, दारू पिऊन माझी आई बुडवली यानं," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून धाकट्याला अटक केली. रक्ताचा नमुना तपासणीला पाठवला, पण अहवाल यायला वेळ होता आणि मला धीर नव्हता.

कोठडीत दोन दिवस मी त्याला दारूचंच विचारत राहिलो. किती प्यालास, कुणाबरोबर, कुठे? तो मान खाली घालून बसे.

"होडी कशाला आपटली?"

"लाकडाला."

"दिसलं नाही?"

"पाण्याखाली व्हतं."

"मग तुला ठाऊक नव्हतं?"

यावर तो गप्प. गप्प बसणारा आरोपी म्हणजे अर्धा कबुलीजबाब, असा तेव्हा माझा हिशेब होता. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. त्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण दवाखान्यातून थेट ठाण्यात आली. अंगात ताप होता. ठाणे अंमलदाराने बाकावर बसवलं तरी ती बसेना.

"साहेब, त्यो पिलेला नव्हता. आंब्यावर डबा नव्हता."

मला वाटलं, बाई तापात बरळतेय. तिनेच मला वेड्यात काढलं. "तुमी येवा आन् डोल्यानी बघा."

दोन पंच घेऊन तिच्याबरोबर पाण्यावर गेलो. पाण्यावर जागोजागी तेलाचे रिकामे पांढरे डबे तरंगत होते. मी समजलो, मासे पकडायच्या जाळ्यांचे असतील. होडी हाकणारा गावकरी म्हणाला, "नाय साहेब. डब्याखाली झाड हाये. डबा दिसला का होडी लांबून न्यायची." मग तो बोट दाखवत सुटला. ही अमक्याची चिंच, तो तमक्याचा जांभूळ. शेतं बुडाली होती, पण मालक कोण ते या लोकांच्या डोक्यात तसंच होतं. वैशाखात पाणी उतरलं, बुंधे उघडे पडले, की ज्याचं झाड त्याने नव्या दोरीने डबा बांधायचा. दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा नाही. लावला तर शेत बळकावायला निघाला म्हणून भांडण.

एका ठिकाणी त्याने वल्हं थांबवलं. तिथे डबा नव्हता. वल्हं खाली घातलं, तर गढूळ पाण्यात वीतभर खालीच ते लाकडाला लागलं.

"हा आंबा कुणाचा?"

होडीवाल्याने वल्हं वर घेतलं. शेवटी शेजारीणच म्हणाली, "वाटणीत थोरल्याला गेलेला."

पंचनामा मी तिथेच, मांडीवर पाटी ठेवून लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं.

परत येऊन धाकट्यासमोर बसलो. या वेळी आवाज न चढवता विचारलं, "तू का नाही बांधलास?"

तो पहिल्यांदा रडला. "वाटणीपासून दादा बोलत नाय माझ्याशी. मी डबा बांधला असता तर बोलला असता, आता आंब्यावर पण डोला हाये याचा. अंदाजानं होडी नेत व्हतो रोज. त्या दिवशी वारा व्हता, चुकलो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"दादाचं नाव लिवलं असतं तुमी. आये त्याच्याकडंच चाल्लेली, चार दिस राहायला."

थोरल्याला बोलावून हे सांगितलं. "मला वाटलं, तो तिथंच राहतो, तोच बांधेल," तो म्हणाला. मग हात जोडले. "साहेब, त्याला सोडा. माझ्यावर कलम लावा."

डबा न बांधल्याचं कलम माझ्याकडे नव्हतं. रक्ताचा अहवाल आला, त्यात दारूचा अंशही नव्हता. धाकटा सुटला, अपघाती मृत्यूची नोंद झाली आणि फाइल कपाटात गेली.

खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. इथे कुणीच जाणूनबुजून खोटं बोललं नव्हतं, थोरल्यालाही दारूचं खरंच वाटलं होतं. आंब्यावर डबा नाही हे सगळ्या पाड्याला दिसत होतं, आणि प्रत्येकजण ज्याचा आंबा त्याची वाट बघत होता. तेव्हापासून रस्त्यात उघडं गटार दिसलं तर ते कोणाच्या हद्दीत येतं हे मी विचारत नाही, आधी त्यावर फांदी टाकतो.

पुढच्या वैशाखात मी मुद्दाम पाड्यावर गेलो. आंब्याचा काळा बुंधा पाण्याबाहेर आला होता. दोघे भाऊ होडीत होते, धाकट्याने ती बुंध्याला लावली. थोरल्याने स्वतःच्या हाताने डबा बांधला, गाठ मारली. दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. धाकट्याने गाठ ओढून पाहिली. सैल वाटली असावी. तिच्यावर त्याने आपली एक गाठ मारली.