टाकीवरची तारीख

अन्याय झाला सिंगापुरातल्या हौगांगच्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलवर. गेल्या जूनच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. केला मी. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि त्याच्याखाली वेळ छापलेली आहे.

अंकलकडे एक मोटरहोम आहे. चाकांवरचं घर: आत दोन पलंग, बेसिन, दोन बर्नरची शेगडी. आता ती कुठे जात नाही. समुद्राच्या बाजूला एका खासगी आवारात झाडाखाली उभी असते आणि शनिवार-रविवार लोकांना मुक्कामाला मिळते. बाराव्या-पंधराव्या मजल्यावर वाढणाऱ्या पोरांना जमिनीलगत झोपायचं केवढं कौतुक! जूनच्या सुट्टीत आत्याच्या ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी ती घेतली होती. मुलं आत झोपणार, मोठी माणसं तंबूत. मी आत्याकडे बुकित पंजांगला राहते, युनिव्हर्सिटीत शिकते. मलाही न्या म्हटलं, त्यांनी नेलं. ही त्यांची चूक.

पोचल्या पोचल्या बाकीच्या बायका शेगडीकडे वळल्या आणि मी टाकीकडे. हे माझं पुण्यापासूनचं. कॉलेजात असताना आम्ही चौघीजणी गॅस एजन्सीबाहेर उभ्या राहून पत्रकं वाटायचो. आपल्याकडच्या सिलिंडरच्या कड्याखाली, उभ्या पट्टीवर, एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, असं डीपर्यंत, आणि पुढे साल. तोवर त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर घ्यायचा नाही. ‘तारीख उलटली? परत पाठवा!’ हा मथळा माझा होता. लोक खरंच परत पाठवायला लागले. सिलिंडर पोचवणारे एक दादा मला म्हणाले होते, “ताई, तुमच्यापायी मला प्रत्येक मजल्यावर परीक्षा द्यावी लागते.” मला फार बरं वाटलं होतं.

तर मोटरहोमची टाकी. ती सिलिंडरसारखी उचलून बाहेर काढता येत नाही. गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी कायमची बसवलेली असते. मी गुडघ्यांवर बसले, मग सरळ आडवी झाले. टाकीच्या अंगावर एक धातूची पाटी होती, तिच्यावर रंगाचे ओघळ, आणि त्यातून महिना आणि साल स्पष्ट दिसत होतं. आदल्या वर्षीचा मार्च.

“अंकल, ही उलटून वर्ष झालं!” मी खालूनच ओरडले. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. इथे मराठीत देते, वाक्याच्या शेवटी इथले लोक लावतात तो ‘लाह’ तेवढा तसाच ठेवते.

“ओके लाह. टेस्ट झालीय.”

“मग पुढची तारीख कुठाय?”

“फाइलमध्ये.”

“आणि फाइल?”

“घरी.”

फाइल घरी! पुण्यात हे उत्तर मी किती टेबलांपुढे उभी राहून ऐकलं होतं. माझं डोकं तापलं. फोटो काढला, आकडा मोठा दिसावा म्हणून चारी बाजूंनी कापला आणि खाली लिहिलं: ‘मुलांना या गाडीत झोपवाल? गॅसच्या टाकीची मुदत उलटून वर्ष झालं. मालक म्हणतो, ओके लाह! पुढे पाठवा.’ मराठीत आणि इंग्रजीत, ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर. नऊ वीस.

अर्ध्या तासात तिन्ही कुटुंबांनी पोरांना बूट चढवले. अंकलनी झाडाखाली घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पपई चिरून ठेवली होती. टॅक्सीत बसताना मी मागे पाहिलं तेव्हा ते खुर्च्या पुन्हा मिटत होते. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

सोमवारी तो मेसेज फिरत फिरत आवाराच्या मालकापर्यंत पोचला. त्याने अंकलना सांगितलं की शनिवारपर्यंत नव्या तपासणीचा कागद दाखव, नाहीतर गाडी हलव. आता सिंगापूरमध्ये एवढी गाडी हलवून ठेवणार कुठे? हलवायची म्हणजे भंगारात द्यायची, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. ही बातमी आमच्या ग्रुपवर आली आणि मी संध्याकाळी जेवताना आत्याला विजयवार्ता म्हणून वाचून दाखवली.

माझी आत्या रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे. दिवसभर लोकांची कागदपत्रं खरी की खोटी, चालू की बाद, हे बघायचं तिचं काम.

“अख्खा फोटो दाखव,” ती म्हणाली.

“हाच आहे.”

“हा तू कापलेला. मूळचा दाखव.”

मी दाखवला. तिने आमटीचा हात पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आकड्याच्या डावीकडे नख ठेवलं. रंगाखाली अक्षरं होती. पुसट, पण होती.

“वाच.”

“टेस्टेड.”

“ड्यू नाही ना लिहिलेलं? टेस्टेड. या तारखेला चाचणी झाली, असं म्हणतोय तो. आपल्या सिलिंडरवर पुढची तारीख असते म्हणून जगातल्या प्रत्येक टाकीवर पुढचीच असते होय गं? आणि शब्द कापून आकडा ठेवलास. आमच्याकडे कुणी असा कागद आणला ना, तर त्याला आम्ही बसवून ठेवतो.”

“पण आत्या, त्यांनी फाइल दाखवली नाही!”

“तू बघायला गेलीस?”

मी गेले नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघी हौगांगला गेलो. अंकलचा फ्लॅट मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून एक निळी फाइल आणून माझ्या हातात दिली. सगळं होतं. टाकीचा क्रमांक, तपासनिसाची सही, चाचणी झाली तो मार्च, आणि पुढची कधी करायची ती तारीख. तिला अजून बरीच वर्षं होती. मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, आणि ती फारच गुळगुळीत वाटली म्हणून परत मागितली.

“गर्ल,” अंकल म्हणाले, “तिथून इथे एका बसचं अंतर आहे. एकाच. तू फोनवर बोटं चालवलीस, तेवढ्या वेळात येऊन गेली असतीस.”

मी मान डोलावली. पण मला रागही आला होता, आणि त्यातला अर्धा अजून बरोबर आहे असं मला वाटतं. तो मी तिथेच बोलून दाखवला. म्हटलं, अंकल, सिलिंडर रिकामा झाला की कंपनी नेते, दुसरा देते, त्याच्या चाचणीचं ती बघते. तुमची टाकी कोण बदलणार? ती तिथेच गंजणार, तिथेच भरली जाणार. तिच्यावर पोरं झोपणार आणि तिचा कागद मात्र तुमच्या कपाटात झोपणार! ज्याचं पोर वर झोपलंय, त्याने बस पकडून हौगांगला यायचं?

आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. अंकलनी माझ्या हातातली फाइल परत घेतली.

“हे मात्र खरं लाह,” ते म्हणाले.

गुरुवारी अंकलनी बोलावलेल्या तपासनीस बाई आल्या; आम्ही दोघीही गेलो होतो. प्लास्टिक अंथरून गाडीखाली शिरल्या आणि मला म्हणाल्या, “साबणाचं पाणी धर.” बोल्ट हलवून पाहिले, टाकीच्या पोटावर आरसा फिरवून गंज शोधला, प्रत्येक जोडाला ब्रशने फेस लावला आणि बुडबुडा येतो का बघत बसल्या. मीही बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा दोष सापडू नये असं मला वाटत होतं. बुडबुडा आला नाही. टाकी ठणठणीत. फक्त शेगडीकडे जाणारा रबरी पाइप वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या.

“हा बदला. आजच.”

माझा चेहरा उजळला असावा, कारण आत्या हळूच म्हणाली, “दात काढू नकोस.”

पाइप दुपारी बदलला. बाईंनी तो पुन्हा साबणाने पाहिला आणि कागदावर सही केली. मग मी अंकलना विचारलं, एक पाटी करू? कपाटातली तारीख गाडीत लावू? गॅसच्या झडपेशेजारी, शेगडीपुढे उभं राहिलं की नजरेला पडेल अशी. त्यावर दोनच ओळी: चाचणी कधी झाली, पुढची कधी. इंग्रजीत लिहून झालं, चिनी त्यांनी स्वतः लिहिलं. मग म्हणाले, “तुमचंही लिही.”

“मराठी? इथे कोण वाचणार?”

“तुझ्यासारखे येतात ना लाह. ते आकडाच वाचतात.”

मी लिहिलं. ‘झाली’ आणि ‘पुढची’ हे शब्द आकड्यांपेक्षा मोठे काढले. शनिवारी आवाराचा मालक आला. त्याने कागद पाहिला, पाटी पाहिली, उगाच चाकाला एक लाथ मारून पाहिली आणि गाडी राहू दे म्हणाला. पुढच्या आठवड्यात तीनपैकी एक कुटुंब पुन्हा मुक्कामाला गेलं. त्यांच्या मुलीने पाटीचा फोटो पाठवला. अख्खा, कडांसकट. एका कडेला पपईची बशी दिसत होती.

उरलेली दोन कुटुंबं अजून गेलेली नाहीत. कारण मी नंतर पाठवलेला दुरुस्तीचा मेसेज चालतो आणि पहिला पळतो. परवा तो मला एका अनोळखी ग्रुपमधून परत आला. फोटो तोच, माझाच, कापलेला. मजकुरात आता स्फोटही झालाय. गाडी तिथेच झाडाखाली धडधाकट उभी आहे, आणि मेसेजमध्ये जळून गेलीय!

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे. सिंगापुरात असा, पुण्यात असा, कुठेही असा. फोन हातात आहेच. धातूच्या पाटीवर नुसता आकडा, आणि खाली ‘मुलांना या गाडीत झोपवाल?’ असा मेसेज शोधा. सापडला तर खोडा, आणि ज्याने तुम्हाला पाठवला त्याला सांगा की हे लिहिणारीच म्हणतेय, हे चूक आहे. उद्या नाही. हे पान मिटण्याआधी.