उस्मानचा कोरडा पंचा

मी चौथी शिकलेला माणूस. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा उचलला आणि भगत-देवऋषाला उंबरा बंद केला. तेव्हापासून आमच्या घरात अंगारा न्हाई, लिंबू न्हाई, अमावस्येचं भ्या न्हाई. ह्या ग्रुपवर तुम्ही भुताखेताचे जे अनुभव लिहिता ते थोरल्या लेकाची पोरगी मला मोबाइलवर वाचून दाखवते, आणि मी हसतो. खोटं कशाला सांगू... मग आता मीच का लिहितोय? कारण ही गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आणि हातानं चाचपली. नात म्हणाली, "आबा, मी नीट करून देते." म्हटलं, हात लावायचा न्हाई. मोडकंतोडकं असंल, पण माझं असंल.

तळेगावजवळ, नवलाख उंबरे गावाच्या पुढं एक लहान कारखाना आहे. नाव सांगत न्हाई. भट्टीत लोखंड वितळलं की वर मळी येते, साहेब लोक तिला स्लॅग म्हणतात. ती लालभडक मळी लॅडलमध्ये, म्हणजे क्रेनला टांगलेल्या मोठ्या लोखंडी बादलीत घ्यायची. मी वर माचीवर उभा राहून चाक फिरवायचो. लॅडल कलायची, मळी पन्हळीतून खाली यायची आणि जोराचा पाण्याचा फवारा तिला मारायचा. तडातड फुटून तिचा रवा खालच्या हौदात पडायचा. तो रवा पुढं गिरणीत दळून सिमेंटला जातो. गावात मला 'रवेवाले आबा' म्हणतात. म्हणू दे.

धोका एकच. फवारा जोरात असला तर मळी फुटते. फवारा बंद पडला आणि मळी नुसती हौदातल्या साचलेल्या पाण्यावर पडली, तर हौद बॉम्बसारखा उडतो... मग खाली पाण्याच्या कामावर उभा असलेला माणूस ओळखू येत न्हाई.

माचीवरनं खालचं दिसत न्हाई, पन्हळ आड येते. भट्टीच्या आवाजात हाकही ऐकू येत न्हाई. म्हणून मी आणि पाण्यावर असणारा माझा दोस्त उस्मान, आम्ही आमची रीत पाडली होती. उस्मानचा एक लाल पंचा होता. फवारा सुरू झाला की त्याच पाण्यात तो बुडवायचा आणि जिन्याच्या कठड्याला टांगायचा. थेंब गळताना दिसले की मी चाक फिरवणार. पंचा कोरडा असंल तर ओतायचं न्हाई — मग मालक येवो न्हाईतर मंत्री येवो.

पुढं उस्मान गुडघ्यानं थकला आणि लोणावळ्याला लेकाकडं गेला. त्याचा सलीम चिक्की बनवून विकतो. उस्मानच्या जागी मी माझा जावई राहुल चिकटवला. घरी जावईबापू, कारखान्यात हेल्पर! जाताना उस्मान त्याच्या खांद्यावर पंचा टाकून म्हणाला, "पोरा, ह्यो बदलू नको. तुजा सासरा लय हट्टी हाय, दुसरं फडकं त्याला दिसायचंच न्हाई."

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लेक सुजाता पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आलेली. दुपारची जेवणं झाली, लॅडल भरून आली. खाली फवारा सुरू झाला. राहुलनं पंचा टांगला, मला हात केला आणि खाली गेला. थेंब गळत होते, मी बघितले. चाकाला हात घातला...

आणि पंचा वाळला.

वाळत गेला न्हाई. वाळला! गडद लाल होता तो फिका पडला, जड लोंबत होता तो वाऱ्यानं फडफडायला लागला. लॅडल माझ्या डाव्या अंगाला, जिना उजव्या. भट्टीची झळ तिकडं पोचत न्हाई. रोज ओतून होईपर्यंत पंचा ओलाच असायचा.

मी चाकावरचा हात काढला.

शिफ्टच्या इंजिनियर मॅडम धावत वर आल्या. "आबा, ओता ना! मळी गोठायला लागलीय."

"पंचा कोरडा हाय."

"अहो, पाण्याचं प्रेशर व्यवस्थित आहे. मी आत्ता बघून आले."

"असंल. मी वतणार न्हाई."

"मग मला दुसऱ्याला सांगावं लागेल."

"सांगा. पर आदी मला हितनं उचलून न्या."

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. फवारा चालू होता. पण खाली माझ्या लेकीचा नवरा उभा होता. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हातवारे केले — वर ये!

राहुल आला तो चिडूनच. क्रेनवाला वरून हसत होता.

"मामा, आवं भिजवून टांगलाय की! ह्ये बगा." त्याच्या बाह्या कोपरापर्यंत निथळत होत्या. मग त्यानं पंचा हातात धरला, उलटासुलटा करून बघितला. मॅडमनी हात लावला. पंचा पापडासारखा कडक.

"आबा, हे..." मॅडम एवढंच बोलल्या, तोवर खाली फाडकन आवाज झाला. पाण्याचा मोठा पाइप जोडावर फुटला आणि फवारा बसला. मी उतरून बघितलं. हौद तुडुंब, पाणी संथ. मी चाक फिरवलं असतं तर त्या घडीला मळीची धार निम्म्यावर असती. राहुल जिन्यावरच बसून राहिला. क्रेनवाल्याचं हसू कुटं गेलं कुणास ठाऊक.

पाइप जुना असंल म्हणाल. असंल. पाइप फुटतो, त्यात नवल न्हाई. पण पंच्याला ते आधी कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तळेगाववरनं लोकल धरून लोणावळ्याला गेलो. ही गोष्ट उस्मानलाच सांगायची होती. दुकानामागं चिक्कीची भट्टी आहे. मी तोंड उघडायच्या आधीच सलीम सुरू झाला.

"चाचा, बरं झालं आलात. अब्बांना समजवा जरा! काल गुळाचा पाक तयार, गडी कढई पाटावर ओतणार, तर ह्यांनी त्याचा हातच धरला. म्हणे, वतू नको, पंचा कोरडा हाय. आता हितं कुठला पंचा? सोडेनात हो! सगळा पाक करपला."

माझ्या अंगावर काटा आला, कबूल करतो. "कवा झालं ह्ये?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर."

उस्मान खुर्चीत मान खाली घालून बसलेला. मी विचारलं, "तुला काय दिसलं रं?"

"काय बी न्हाई. घसा कोरडा पडला. हात आपसूक गेला." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "जावई बरा हाय न्हवं?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"बरा हाय," म्हटलं.

"मग झालं." त्यानं करपलेल्या चिक्कीचा तुकडा पुढं केला. "खा. आन दात सांबाळ, हायती तेवढं."

बायको म्हणते, उस्मानमध्ये काहीतरी आहे. काय असणार! जिवंत माणूस, तंबाखू मळतो, माझ्याशी भांडतो. मॅडम म्हणतात योगायोग. राहुल ह्या विषयावर बोलतच न्हाई. कारखान्यात आता लाल-हिरवे दिवे बसवलेत, म्हणून पंचा मी घरी आणला. मी असलं मानत न्हाई. पण सोडतही न्हाई. भिजवतो, टांगतो आणि समोर बसून राहतो. उन्हात टांगला, पंख्याखाली टांगला, चुलीपुढं धरला. साध्या फडक्यासारखाच वाळतो, आधी कडा, मग मधला भाग. त्या दिवसासारखा एकदाही वाळला न्हाई. कसा वाळला, ते त्याच्याकडनं काढल्याशिवाय मी उठणार न्हाई.

हे लिहितोय तेव्हाही ओसरीवर टांगलाय. राहुल लेकराला कडेवर घेऊन येतो, कठड्याशी उभा राहतो.

"मामा, वाळला का?"

"न्हाई," म्हणतो मी. "अजून गळतोय."