सतरा वर्षं वाफेत

लोरेटा हर्न गेली तेव्हा तिची मुलगी ऊना अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर कामावर होती. दोन विमानं बदलून आणि पुढे चार तास गाडी चालवून ती न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी पोचली, तोवर वडिलांनी, अँब्रोजने, पेपरात बातमी देऊनही टाकली होती. 'लाडकी पत्नी, आई आणि आजी. अल्पशा आजाराने निधन.'

"अल्पशा?" ऊनाने विचारलं.

"असंच लिहितात सगळे," अँब्रोज म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

लोरेटा एकोणिसाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागली. कॉड मासे सोलण्यात तिचा हात धरणारी दुसरी कोणी नव्हती. सुरी चालवता चालवता ती पाद्रीबुवांची अशी नक्कल करायची, की अख्खी रांग हसून बेजार व्हायची. पुढे सरकारने कॉड धरायला बंदी घातली आणि कारखाना खेकड्यांवर चालू लागला. खेकडे उकडायच्या हौदाशी लोरेटा सतरा वर्षं उभी राहिली. दुपारपर्यंत तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागायचा. हिवाळ्यात कारखाना बंद झाला की खोकला कमी व्हायचा आणि वसंतात पुन्हा उसळायचा.

सेंट जॉन्स शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "हे त्या वाफेचं दुखणं आहे."

लोरेटाने तसंच खोकणाऱ्या चार जणी गोळा केल्या आणि भरपाईचा अर्ज केला. मग गावात कुजबुज सुरू झाली, की या बायका कारखान्याला टाळं लावणार. दुकानात लोरेटा शिरली की बोलणं थांबायचं. शुक्रवारी पत्ते खेळायला येणाऱ्या मैत्रिणी येईनाशा झाल्या. चौघींनी एकेक करून अर्जातून नावं काढून घेतली. लोरेटाने नाही काढलं.

ऊनाने तेव्हा अल्बर्टाहून फोन केला होता. "आई, सोड ना आता. बाबांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"माझा श्वास किती राहिलाय, ते विचार की," लोरेटा म्हणाली होती आणि लगेच, "टेसला ताप होता, उतरला," असं सांगून तिने फोन ठेवला होता. टेस ही ऊनाची मुलगी. ती चार वर्षांची असताना ऊना तिला आजीकडे ठेवून गेली होती, 'एकाच वर्षासाठी'.

चर्चच्या सभागृहात अर्जाची चौकशी झाली. अँब्रोज कारखान्यात मुकादम होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी त्याला बायकोच्या तब्येतीबद्दल विचारलं. तो उठून उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "घरात लाकडाची चूल आहे, साहेब. धूर असतो. शिवाय तिच्या माहेरी सगळ्यांचीच छाती अशी."

ती चूल दहा वर्षांपूर्वीच काढून टाकलेली होती. लोरेटा पहिल्या रांगेत बसली होती. अर्ज नामंजूर झाला.

त्या संध्याकाळीही तिने त्याला खारवलेलं मांस आणि कोबी वाढला. भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. टेस शाळेतून आली की तिलाच सांगायची, "तुझ्या आजोबांना म्हणावं, जेवण झालंय." अकरा वर्षं असं चाललं. शेवटची तीन वर्षं तर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बटाटे सोलायची.

दफनाला सगळा गाव लोटला. नावं काढून घेतलेल्या चौघींपैकी दोघी उरल्या होत्या. त्यांनी सँडविचची ताटं आणली आणि "देवमाणूस होती गं," म्हणत रडल्या. त्यातली एक मधेच खोकत सुटली. ऊनाने तिला पाणी नेऊन दिलं. ती दुसरीकडे बघत प्यायली.

लोक गेल्यावर ऊना कपबशा पुसत होती.

"ऐंशी घरं चालत होती त्या कारखान्यावर," अँब्रोज मागून म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं. "मी काय करायला हवं होतं?"

"मग चालू राहिला का तो?"

चौकशीनंतर तीनच वर्षांत मालकाने यंत्रं उचलून दुसरीकडे नेली होती.

"जाताना तिने मला माफ केलं असेल ना, ऊना?"

"विचारायला अकरा वर्षं होती तुम्हाला, बाबा."

हे बोलताना तिचा हात थांबला. सतरा वर्षांची टेस दारात उभी राहून ऐकत होती. ऊना तिला म्हणाली, "तुझं सामान भर. माझ्याबरोबर चल."

"कुठे?" टेसने शांतपणे विचारलं. "मी तुला नीट ओळखतही नाही." मग ती आत आली, आईच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेल्या कपबशा पुसायला लागली.